शुगर नाही, तरी शुगरची गोळी? हार्टच्या पेशंटला ही औषधं का देतात

"अगं बाबांना शुगर नाहीये, मग डॉक्टरांनी शुगरची गोळी का लिहून दिली?" हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी टाकतंच. कुणाचे बाबा, कुणाच्या सासूबाई, दम लागतो, पायाला सूज आहे, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, असं करत ऍडमिट होतात, टू-डी एको होतो, हार्ट फेल्युअर (हार्टचा पंप नीट चालत नाही) आहे असं कळतं, आणि चार-पाच दिवसांनी डिस्चार्ज कार्डवर सहा-सात औषधांची यादी घेऊन घरी येतात. त्यात एक असते डापाग्लिफ्लोझिन १० किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १०, रोज सकाळी एक. मग घरातलं कुणीतरी ते नाव गूगल करतं, पहिल्याच ओळीत "टाइप २ डायबेटीसचं औषध" दिसतं, केमिस्टला विचारावं तर तोही म्हणतो हो काका, शुगरचीच आहे ही, आणि मग काका डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करून टाकतात, कारण "चुकून लिहिली असणार".

चुकून नाही लिहिलेली. ती गोळी मुद्दाम हार्टसाठीच दिलेली असते. पण शुगरची गोळी हार्टची कशी झाली ही गोष्ट फार भारी आहे, आणि ती नीट कळली तर आपल्याकडे जो एक पक्का समज आहे ना, की शुगरचा आकडा खाली आला म्हणजे हार्ट सेफ, त्याला जरा धक्का बसतो. तर जरा निवांत वाचा, लांब झालंय.

आधी तो समज. डायबेटीस असलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, हे खूप आधीपासून माहिती होतं. त्यावरून सरळ हिशोब असा, की शुगर जास्त म्हणून हार्ट बिघडतं, मग शुगर खाली आणा, हार्ट वाचेल. कुणालाही पटेल असाच आहे हा हिशोब. डॉक्टरांना पटला, कंपन्यांना तर फारच पटला, कारण नवीन औषध बाजारात आणायला एवढंच दाखवायचं होतं की तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, कमी होते. पेशंट जास्त जगतो का, त्याला अटॅक कमी येतात का, हे कुणी विचारतच नव्हतं. आकडा सुधारला की औषध पास.

मग मे २००७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. स्टीव्हन निसेन यांनी एक पेपर छापला. रोसिग्लिटाझोन नावाचं एक औषध होतं, १९९९ मध्ये मंजूर झालेलं, जगभर धो धो विकलं जाणारं. निसेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या औषधाच्या ४२ ट्रायल्सचे आकडे एकत्र केले, तर औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त दिसलं. शुगर कमी करणारं औषध आणि अटॅक जास्त! हाहाकार झाला. (पुढे दुसऱ्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे परत तपासल्यावर धोका इतका दिसला नाही आणि २०१३ मध्ये अमेरिकेने बंधनं सैल केली, पण तोवर युरोपने ते थांबवलेलं होतं आणि भारतातही २०१० मध्ये त्यावर बंदी आली होती. म्हणजे औषध बदनाम झालं ते झालंच.)

याच्या पुढच्याच वर्षी दुसरा दणका. अकॉर्ड नावाची एक मोठी सरकारी ट्रायल अमेरिका आणि कॅनडात चालू होती, १०,२५१ लोक, सगळे डायबेटीसवाले आणि हार्टचा धोका असलेले. अर्ध्यांची तीन महिन्यांची शुगर ६ च्या खाली आणायची, म्हणजे जवळपास नॉर्मल, आणि उरलेल्यांची ७ ते ७.९ च्या मध्ये ठेवायची. सगळ्यांना वाटत होतं की पहिला गट जिंकणार, फक्त किती फरकाने ते बघायचं. अशा ट्रायलमध्ये एक वेगळी समिती असते, जी मधूनमधून आकडे उघडून बघते, बाकी कुणाला ते दिसत नाहीत. तर त्या समितीला दिसलं की कडक शुगर ठेवलेल्या गटात २५७ लोक गेलेत आणि साध्या गटात २०३. म्हणजे ज्यांची शुगर मस्त कंट्रोलमध्ये होती तेच जास्त मरत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये तो कडक उपचार मध्येच थांबवला. का झालं असं? शुगर एकदम खाली जाणं, वाढलेलं वजन, एकावर एक चढवलेली औषधं, बरेच संशयित होते, पण एकावर बोट ठेवता आलं नाही.

इथे थांबून एक गोष्ट लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी मला टॅग करून म्हणेल बघा ताईंनीच सांगितलं शुगर वाढली तरी चालते. चालत नाही. डोळे, किडनी, पायाच्या नसा, हे सगळं शुगर आटोक्यात ठेवल्याने वाचतं आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. नवीनच डायबेटीस झालेल्यांनी सुरुवातीपासून शुगर नीट ठेवली तर दहा-दहा वर्षांनी हार्टलाही फायदा दिसतो, हे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. अकॉर्डने एवढंच सांगितलं की ज्याचा डायबेटीस जुना आहे, हार्ट आधीच धोक्यात आहे, त्याचा आकडा घाईघाईने खाली ओढून हार्ट वाचत नाही.

तर हे दोन दणके बसल्यावर डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, नियमच काढला. यापुढे डायबेटीसचं नवीन औषध आणायचं असेल तर नुसती शुगर दाखवून भागणार नाही, हार्टला धोका वाढत नाही हे हजारो लोकांवर दाखवा. कंपन्या वैतागल्या. साहजिकच आहे, अशी ट्रायल म्हणजे पाच-दहा हजार पेशंट, तीन-चार वर्षं आणि पाण्यासारखा पैसा, आणि एवढं करून सिद्ध काय करायचं, तर आमचं औषध घातक नाही. जाहिरातीत काय लिहिणार, "घेतलंत तरी मरणार नाही"?

सुरुवातीचे निकाल आलेही तसेच. ना फायदा ना तोटा. २०१३ मध्ये सॅक्साग्लिप्टिन नावाच्या शुगरच्या औषधाचा निकाल आला, साडेसोळा हजार लोकांवरचा, त्यात अटॅक वगैरे सारखेच, पण हार्ट फेल्युअरसाठी ऍडमिट होणारे २७ टक्क्यांनी जास्त निघाले. परत तेच, शुगर कमी झाली होती बरं का त्यात.

आणि मग सप्टेंबर २०१५, स्टॉकहोम, युरोपातल्या डायबेटीसच्या डॉक्टरांची वार्षिक परिषद. एम्पाग्लिफ्लोझिनच्या ट्रायलचा निकाल. ७,०२० लोक, सगळे डायबेटीसवाले आणि सगळ्यांना आधीच हार्टचा आजार. तीन वर्षांत साध्या, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीवाल्या गटात शंभरातले ५.९ हार्टमुळे गेले, औषधाच्या गटात ३.७. म्हणजे हार्टमुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. हार्ट फेल्युअरसाठी ऍडमिट होणं ३५ टक्क्यांनी कमी. सभागृहात टाळ्या वाजल्या म्हणतात, आणि डायबेटीसच्या परिषदेत आकड्यांच्या स्लाइडला टाळ्या म्हणजे विचार करा.

पण खरी गंमत बारकाव्यात आहे. दोन गटांच्या तीन महिन्यांच्या शुगरमध्ये फरक किती होता, तर सुरुवातीला जेमतेम अर्धा टक्का, पुढे त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकाने एवढे जीव वाचणं शक्यच नाही. दुसरं म्हणजे आलेखातल्या दोन रेषा काही आठवड्यांतच एकमेकींपासून लांब जायला लागल्या. रक्तवाहिन्यांत चरबी साठणं, ब्लॉक होणं हे वर्षानुवर्षं चालतं, ते काही आठवड्यांत बदलत नाही. आणि तिसरं, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक यांच्या संख्येत तर खास फरकच नव्हता. कमी झालं होतं ते हार्ट फेल्युअर आणि मृत्यू. म्हणजे हे औषध शुगर कमी करून हार्टला मदत करत नव्हतं, ते सरळ काहीतरी वेगळंच करत होतं.

काय करत होतं ते समजायला किडनीत डोकावावं लागेल

आपली किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढते. लघवी होते दीड-दोन लिटर, मग बाकीचं जातं कुठे, तर परत रक्तात. दिवाळीच्या आवराआवरीत आपण आख्खं कपाट बाहेर काढतो आणि मग कामाचं तेवढं परत आत लावतो, किडनीचं रोज हेच चालतं. त्या १८० लिटरबरोबर १८० ग्रॅमच्या आसपास साखरही बाहेर येते आणि तिच्यातला एकूण एक कण परत आत घेतला जातो, म्हणून आपल्या लघवीत साखर नसते. ही साखर परत आत ओढायचं काम करणारी जी प्रथिनं असतात त्यातलं मुख्य म्हणजे एसजीएलटी-२, नव्वद टक्के साखर तेच ओढतं. ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या त्याला अडवतात. डायबेटीसवाल्या माणसाची मग रोज ६०-७० ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते, म्हणजे अडीच-तीन चपात्यांएवढ्या कॅलरी.

हे सगळं सापडलं कुठून तर सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून. १८३५ मध्ये त्यातून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला होता, तो घेतला की लघवीत साखर येते हे त्याच शतकात कळलं, पण तो पोटात टिकत नव्हता म्हणून औषध व्हायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं गेली. (कृपा करून सफरचंदाची साल उकळून पिऊ नका. झाडाची साल म्हणतेय मी, आणि तीही नको.)

आता शुगर नसलेल्या माणसाने ही गोळी घेतली तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर नाही का येणार? नाही येत. रक्तात साखर बेताची असली की गाळून बाहेर येते तीही बेताची, शिवाय उरलेली ओढून घ्यायला दुसरं एक प्रथिन पुढे असतं आणि लिव्हर कमी पडलेली भरून काढतं. म्हणून नुसत्या या गोळीने शुगर धोकादायक खाली जाणं फार दुर्मिळ. बरोबर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र जाऊ शकते, तेव्हा त्यांचा डोस डॉक्टर कमी करतात.

मुद्दा असा की त्या प्रथिनाच्या नावात साखरेच्या आधी सोडियम आहे. साखरेबरोबर ते मीठही आत ओढत असतं, त्यामुळे ते अडवलं की मीठही बाहेर आणि मिठाबरोबर पाणीही बाहेर. हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडणं नव्हे, हार्टचा पंप कमजोर किंवा कडक होणं, त्यामुळे शरीरात पाणी तुंबतं, पाय सुजतात, छातीत पाणी भरून दम लागतो. तर पाणी कमी झालं की हार्टवरचा भार कमी. शिवाय किडनीच्या गाळणीवरचं प्रेशर कमी होतं आणि किडनी जास्त टिकते, हार्ट आणि किडनी ही जोडी एकमेकांना घेऊन बुडते, त्यामुळे हे फार कामाचं आहे. पण नुसतं पाणी काढायचं असतं तर लॅसिक्स आहेच की, ती लघवीची गोळी घराघरात आहे, तिने सूज उतरते, दम कमी होतो, पण मृत्यू इतके कमी झाल्याचं कधी दिसलं नाही. म्हणजे अजून काहीतरी आहे.

ते अजून काहीतरी म्हणजे बहुधा मेटाबॉलिझम, शरीर इंधन कसं वापरतं ते, आणि इथे शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. हार्ट दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके मारतं, सुट्टी नाही. त्याला इंधन लागतं ते बरंचसं चरबीतून येतं, थोडं साखरेतून, थोडं बाकीचं. फेल होणाऱ्या हार्टचा प्रॉब्लेम असा की इंधन आजूबाजूला भरपूर आहे पण ते नीट जाळता येत नाही, त्यामुळे पेशींतली ऊर्जा कमी पडते. आता रोज थोडी साखर लघवीतून जायला लागली की शरीराला वाटतं उपास चाललाय, इन्सुलिन थोडं उतरतं, चरबी जळायला लागते, आणि लिव्हर त्या चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवायला लागतं. हे कीटोन कमजोर हार्टला सोपं इंधन म्हणून मिळतात, असं एका गटाचं म्हणणं. दुसरे म्हणतात छे, औषध सरळ हार्टच्या पेशीतल्या सोडियमवर काम करतं. तिसरे म्हणतात सूज आणि इन्फ्लमेशन कमी होतं. माझ्या मते थोडं थोडं सगळंच असावं, पण मी काही लॅबमध्ये बसत नाही.

कारण काहीही असो, डॉक्टरांच्या डोक्यात पुढचा प्रश्न आलाच. शुगरशी संबंधच नसेल तर शुगर नसलेल्यांना देऊन बघायला काय हरकत आहे? ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकमरे यांच्या टीमने ते करून बघितलं. ट्रायलचं नाव डापा-एचएफ, ४,७४४ लोक, वेगवेगळ्या देशांतले, आपल्या भारतातलेही, सगळ्यांचं हार्टचं पंपिंग कमी, म्हणजे एकोच्या रिपोर्टवर ईएफ ४० किंवा त्याहून खाली. यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटीस नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसला निकाल जाहीर झाला: दीड वर्षात साध्या गोळीवाल्या शंभरातल्या २१ जणांचं हार्ट फेल्युअर बिघडलं किंवा ते हार्टमुळे गेले, डापाग्लिफ्लोझिनवाल्यांत हा आकडा १६. आणि हा फायदा डायबेटीस असलेल्यांना जेवढा, नसलेल्यांना तेवढाच. २०२० च्या मे महिन्यात एफडीएने शुगर असो नसो, कमी पंपिंगच्या हार्ट फेल्युअरसाठी ही गोळी मंजूर केली.

मग २०२१ मध्ये अजून एक पायरी. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या पेशंटचं पंपिंग एकोवर चांगलं दिसतं, ईएफ ५५-६०, पण हार्ट कडक झालेलं असतं, सैल पडून भरत नाही. यांच्यात बीपीवाले, वजन आणि वय जास्त असलेले, आणि बायका जास्त. यांच्यावर आधीची एकेक औषधं वापरून बघितली होती, ट्रायलमागून ट्रायल आपटत होती. एम्पाग्लिफ्लोझिनने तिथेही २१ टक्के फरक दाखवला, मुख्यतः परत परत ऍडमिट व्हायला लागणं कमी झालं. म्हणून आता कमी पंपिंगच्या हार्ट फेल्युअरला चार औषधं पायाची मानतात: सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन किंवा त्याच्या जवळचं एखादं, एक बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा तत्सम, आणि चौथी ही "शुगरची" गोळी. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, बहुतेक चारही असतील.

आणि ते बारीक व्हायचं इंजेक्शन?

हो, तेही याच गोष्टीतलं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते इन्सुलिन वाढवतं, पोट हळू रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं पुरे. अडचण अशी की ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. मग १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या डॉ. जॉन इंग यांना गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीसारख्या प्राण्याच्या विषात त्याच्यासारखंच पण जास्त टिकणारं रसायन सापडलं, त्यावरून २००५ मध्ये पहिलं औषध आलं, आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड, तेच हे बारीक व्हायचं इंजेक्शन.

यांनाही तोच एफडीएचा नियम लागू होता, त्यामुळे यांच्याही हार्टच्या ट्रायल झाल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलेक्ट नावाची मोठी ट्रायल आली. १७,६०४ लोक, वय ४५ च्या पुढे, वजन जास्त, आधी अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेला किंवा पायाच्या रक्तवाहिन्या बंद, आणि डायबेटीस कुणालाच नाही. तीन-सव्वातीन वर्षांत अटॅक, स्ट्रोक किंवा हार्टमुळे मृत्यू हे साध्या इंजेक्शनवाल्यांत ८ टक्के, सेमाग्लुटाइडवाल्यांत ६.५ टक्के. बातम्यांत आलं "हार्टचा धोका २० टक्क्यांनी कमी", ते खोटं नाही, ८ चे ६.५ म्हणजे साधारण २० टक्केच, पण शंभर माणसांत दीड माणूस हेही तेवढंच खरं. असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या, जाहिरातवाले नेहमी मोठाच दाखवतात. शिवाय दर सहातल्या एकाने कुठल्या ना कुठल्या त्रासामुळे, जास्त करून मळमळ, उलट्या, जुलाब यांमुळे, इंजेक्शन सोडून दिलं.

आता मजा बघा. सगळ्यांना वाटलं वजन उतरलं म्हणून हार्ट सुधारलं. २०२५ मध्ये त्याच ट्रायलचे आकडे खोलात जाऊन बघितले, तर ज्यांचं वजन फारसं उतरलं नाही त्यांनाही हार्टचा फायदा झालेला. कमरेचा घेर किती कमी झाला याच्याशी थोडा संबंध निघाला, फायद्याचा साधारण एक तृतीयांश भाग त्यातून, बाकीचा कशातून तो शोध चालू आहे. म्हणजे परत तेच, वजनकाट्यावरचा आकडा एक आणि हार्टचं नशीब दुसरं.

घेराचा विषय निघालाच आहे तर पुण्याबद्दल बोलायलाच हवं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २२.३, अगदी सेम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, आणि स्नायू कमी. आणि हे म्हातारपणी होतं असंही नाही, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, तर सरासरी २.७ किलोची ती बाळं इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा सगळ्याच बाबतीत लहान होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. म्हणजे ही आपली ठेवण जन्मापासूनची.

याचा इथे संबंध काय? सिलेक्टमध्ये घ्यायला बीएमआय २७ च्या वर लागायचा, त्यातले बहुतेक लोक गोरे, चारातले जवळपास तीन पुरुष. आपल्याकडे २४-२५ बीएमआयवर पोट सुटलेलं, लिव्हर फॅटी, ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि पन्नाशीच्या आत अँजिओप्लास्टी झालेली माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांना वजनाचा चार्ट "नॉर्मल" म्हणतो. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात आणि कमरेला टेप लावायला सांगतात, पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. आणि उलट बाजूने, या इंजेक्शनने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, ज्याच्याकडे स्नायू मुळात कमी त्याला ते परवडणारं नाही. वेगोव्ही (म्हणजे सेमाग्लुटाइडच) आणि मौन्जारो ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली तेव्हापासून लग्नाच्या आधी चार महिने घेते म्हणणाऱ्या मुली मी ऐकल्यात. वीस-पंचवीस वर्षांची, हार्टचा काही आजार नाही, आठ किलो जास्त, तिच्याबद्दल सिलेक्ट ट्रायल एक अक्षरही बोलत नाही. त्या ट्रायलचं नाव घेऊन तुम्हाला कुणी इंजेक्शन विकत असेल तर सरळ उठा तिथून.

गोळीकडे परत येते, कारण इंजेक्शनपेक्षा ती कितीतरी जास्त घरांत आहे आणि तिच्या काही गोष्टी घरच्यांना माहिती असायलाच पाहिजेत.

लघवीत साखर येणार, म्हणजे तिथे फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, खाज, लाली, बायकांमध्ये जास्त. आपल्याकडच्या आज्या हे कुणालाही सांगत नाहीत, महिना महिना सहन करतात आणि मग "ती गोळी सोसत नाही" म्हणून सोडतात. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवली तर बराचसा त्रास टळतो आणि झालाच तर साध्या क्रीमने जातो, पण त्यासाठी बोलावं लागतं. सुनेने विचारलं तर लाजतात, मुलीने विचारावं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वर कीटोन म्हटलं ना, ते मर्यादेत असले तर ठीक, पण जुलाब-उलट्या, ताप, जेवण बंद, असं असताना गोळी चालूच ठेवली तर डायबेटीसवाल्याच्या रक्तात कीटोन खूप वाढू शकतात, आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेलीही नसते, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून सगळे निर्धास्त राहतात. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास, अशा वेळी शुगर दोनशेच्या आत आहे म्हणून घरी बसू नका, हॉस्पिटलात जा आणि ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. असं आजारी असताना गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. टाइप १ वाल्यांनी तर स्वतःहून या वाटेला जाऊच नये. उपासाचंही तसंच, साबुदाणा खिचडी आणि वरीचे तांदूळ खाऊन होणारा उपास हा या बाबतीत उपास नाहीच, पण निर्जळी एकादशी किंवा नवरात्रात नऊ दिवस नुसतं पाण्यावर राहणारे असतात त्यांनी आधी विचारायलाच हवं. ऑपरेशन ठरलेलं असेल, मोतीबिंदूचं का असेना, तर सर्जनला सांगा, मोठ्या ऑपरेशनच्या आधी निदान तीन दिवस ही गोळी बंद ठेवतात.

आणि शेवटचं, अगदी आपल्याकडचंच. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि रातोरात ढिगाने ब्रँड आले. साठेक रुपयांची गोळी दहाच्या आत मिळायला लागली, ज्यांनी परवडत नाही म्हणून कधी सुरूच केली नव्हती त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याबरोबर कॉम्बिनेशनचाही, म्हणजे एकाच गोळीत शुगरची दोन-तीन औषधं, असा पूर आला: मेटफॉर्मिनबरोबर, सिटाग्लिप्टिनबरोबर, तिन्ही एकत्र. मग होतं काय, शुगरच्या डॉक्टरांनी कॉम्बिनेशन दिलेलं असतं, हार्टच्या डॉक्टरांनी तीच गोळी वेगळी लिहिलेली असते, ब्रँडची नावं अगदीच निराळी, आणि बाबा सकाळी पाण्याच्या एकाच घोटाबरोबर दोन्ही घेतात. आज घरी गेलात की औषधांचा डबा काढा, प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, लागलं तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. "ग्लिफ्लोझिन" हे शेपूट दोन वेगवेगळ्या स्ट्रिपवर दिसलं तर दोन्ही स्ट्रिपचे फोटो दोन्ही डॉक्टरांना पाठवा आणि कुठली ठेवायची ते त्यांनाच ठरवू दे.